मशीनने दिलेला चोर

१

पोळ्याची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि पहिल्याच तासाला बोंब झाली की सर्व्हेच्या खोलीतली दुर्बीण नाही. पुस्तकात तिला थिओडोलाइट म्हणतात. जमीन मोजायची, कोन घ्यायचे, त्यासाठीचं ते यंत्र. आमच्या अख्ख्या तंत्रनिकेतनात एकच धड होतं, आणि ते कपाटाच्या तळाशी, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, लाकडी पेटीत दडवून ठेवलेलं असायचं. कपाटाला कुलूप होतं. खोलीलाही होतं. दोन्ही कुलपं शाबूत, आणि आत पेटी नाही.

मी गणित शिकवते. दुर्बिणीशी माझा काडीचा संबंध नाही. तरी दुपारी प्राचार्य महादेवरावांनी मला बोलावून घेतलं.

"शकुंतलाबाई, चौकशी समिती नेमली आहे."

"कोणकोण आहे?"

"तुम्ही."

"आणि?"

"तुम्हीच. तुम्हाला शंका फार येतात म्हणून."

गेल्या बैठकीत मी विहिरीच्या मोटारीबद्दल चार प्रश्न विचारले होते, त्याचा हा सूड होता. मी काही बोलायच्या आत ते हसून म्हणाले, "घाबरू नका. काम मशीन करणार आहे. तुम्ही फक्त अहवालावर सही करायची."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. १९८७ साली वर्ध्यात ही वस्तू पाहायला लोक सिंदी मेघेपासून चालत यायचे. आमच्याकडचा थंड खोलीत बसवलेला होता. चपला बाहेर काढाव्या लागत, त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण असे आणि झाकणावर रोज एक ताजं जास्वंदीचं फूल. मुलांना हात लावायची परवानगी नव्हती, मास्तरांनाही नव्हती. महादेवराव मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत की आता कॉलेजात चुका होणार नाहीत.

मला तेव्हाच रागानं हसू आलं होतं. पुढच्या चार दिवसांत हसू गेलं, राग राहिला.

२

मशीन चालवणारे पिंपळशेंडे सर तरुण, हुशार आणि उत्साही होते. तिन्ही गुण एका माणसात आले की बाकीच्यांना त्रास होतो. त्यांनी मला फळ्यापुढे उभं केलं आणि माझंच गणित मला शिकवलं.

"बाई, हा सरळ छेदसंच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी रामाजींनी स्वतः पेटी पुसून कपाटात ठेवली. पोळ्याला फाटक उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, थोडे लोक आवारात येऊन गेले. त्यानंतर आज. म्हणजे चोरी तान्ह्या पोळ्यालाच झाली."

"बरं."

"आता तीन संच घ्या. खोलीची आणि कपाटाची किल्ली ज्यांच्या हाताला लागते त्यांचा एक. पेटी कुठे दडवलेली असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचा दुसरा. आणि त्या दिवशी फाटकातून आत आले त्यांचा तिसरा. चोर तिन्हीत असलाच पाहिजे."

खडूने त्यांनी एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं काढली आणि मधला तुकडा रंगवला. माझ्या तोंडून निघालं, "सुंदर." खरोखरच सुंदर होतं ते. मग ते पास्कलवर आले. पास्कल ही मशीनची भाषा. आधीच्या भाषेत म्हणे एकेक नाव हातात घेऊन दुसऱ्या यादीत शोधत फिरावं लागायचं. इथे तसं नाही. प्रत्येक माणसाला एक नंबर द्या, संच करा, आणि दोन संचांच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाका, की दोन्हीकडची सगळी माणसं एका मोटेत. चांदणीचं चिन्ह टाका, की फक्त दोन्हीकडे असलेली तेवढी उरतात.

"एक चांदणी?"

"एक चांदणी, बाई."

किल्लीवाल्यांची नावं हेडक्लार्क रूपरावांनी लिहून दिली, पेटीची जागा माहीत असलेल्यांची सर्व्हेचे निदेशक रामाजींनी. दोन्ही कागद टायपिस्ट रुख्मिणीने मशीनमध्ये चढवले. ती कागदावर दिसेल ते जसंच्या तसं टाइप करते, आणि त्याचा तिला अभिमान आहे. फाटकावरचा कागद उद्या येणार होता, पण महादेवरावांना दम निघेना. म्हणाले, दोनच संचांवर चांदणी टाकून पाहू.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हिरवी नावं उमटली. श्री, वासुदेवराव, रामाजी, जंगू.

"हा श्री कोण?" महादेवरावांनी विचारलं.

कोणाला माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये एक श्रीधर होता, त्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, मी तर पोळ्याला सासुरवाडीला होतो. त्याची उलटतपासणी सुरू होणार तेवढ्यात मी रुख्मिणीच्या टेबलावरचे दोन्ही कागद उचलले. दोन्ही कागदांच्या माथ्यावर मधोमध लिहिलेलं होतं, श्री. रूपरावांनी लिहिलं होतं, रामाजींनीही लिहिलं होतं. आपल्याकडे कागद सुरू करायचा तर आणखी काय लिहितात? रुख्मिणीने इमानाने टाइप केलं, पिंपळशेंडेंच्या प्रोग्रॅमने इमानाने त्यांना नंबर दिला, आणि दुर्बिणीचे चोर म्हणून प्रथम सापडले ते खुद्द श्री.

पिंपळशेंडे कानापर्यंत लाल झाले. "एका ओळीचं काम आहे," असं म्हणून त्यांनी काहीतरी बडवलं. "प्रत्येक यादीची पहिली ओळ वाचायचीच नाही, असं सांगून टाकलं."

पुन्हा चालवलं. श्री गेले, बाकीचे तिघे राहिले.

"देव सुटला," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी जास्वंदीच्या फुलाला हात जोडले.

३

फाटकावर लहानू असतो. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. चौकीत बाबासाहेबांचा फोटो, खाली पुसून चमकवलेले बूट, खुंटीला शिट्टी. नाव लिहिल्याशिवाय तो कोणाला आत घेत नाही, आणि नावं लिहितो ती आलेल्या क्रमाने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा कागद रुख्मिणीकडे आला. तिने टाइप केला. कागद लगेच फायलीत गेला, फाइल महादेवरावांच्या कपाटात गेली, आणि आम्ही सगळे चपला काढून थंड खोलीत जमलो. चांदणी दोनदा टाकायची होती. टाकली.

पडद्यावर एकच नाव आलं. जंगू.

महादेवरावांनी सोडलेला सुस्कारा मी अजून विसरले नाही. "वासुदेवराव सुटले, रामाजी सुटले," ते म्हणाले. वासुदेवराव म्हणजे स्थापत्य विभागाचे प्रमुख, कॉलेजातले सर्वांत जुने. त्यांचं नाव आदल्या दिवशी पडद्यावर आल्यापासून महादेवरावांचं जेवण गेलं होतं. आता ते परत आलं असणार.

जंगू उईके हा शिपाई. खोल्या उघडायच्या, झाडायच्या, पाणी भरायचं. सात वर्षं रोजंदारीवर राबत होता आणि दसऱ्याच्या आत त्याला कायम करायचं असं ठरलं होतं. आता ठरलं ते वेगळंच. सोमवारी त्याला कामावरून काढायचं आणि पोलिसात द्यायचं.

"त्याची सवय आहेच," महादेवराव म्हणाले आणि कपाटावर बोट दाखवलं. कपाटावर लाकडाचा एक नंदी होता. वीतभर उंच, चार चाकांचा, शिंगं छान घासलेली. "तान्ह्या पोळ्याला हा फडक्यात गुंडाळून नेत होता. लहानूने झडती घेऊन अडवला. वर्कशॉपचं लाकूड! जो लाकूड चोरतो तो दुर्बीण चोरणार नाही?"

"लहानूने झडती घेतली म्हणता. मग पेटी कशी गेली?"

"मागच्या कुंपणावरून फेकली असेल. बाई, मशीनने सांगितलंय. सही करा."

"सोमवारी करीन."

"आज का नाही?"

"मला शंका आली आहे."

शंका कसली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. फक्त इतकं वाटत होतं की सात वर्षं राबलेल्या माणसाचं पोट एका चांदणीवर टांगलंय आणि खोलीतला एकही जण त्याच्याशी बोललेला नाही.

४

जंगू वर्कशॉपच्या मागे कडुलिंबाखाली बसला होता. मला पाहून उठला. बस म्हटलं तरी बसेना.

"मी नाई घेतली बाई. मले त्या दुर्बिनीतून पाह्यता बी येत नाई."

"आणि नंदी?"

"नंदी केला. खरं हाय. पडलेले तुकडे होते, जाराचे, चुलीत घालाले ठेवलेले. पोरगी म्हने, समद्याईकडं नंदी हाय, मले बी पाह्यजे. तान्ह्या पोळ्याले लेकरं नंदी घेऊन घरोघरी जाते ना बाई. सुट्टीत येऊन चाकं बसवली. लहानूदादा म्हने, लिहून आन, मंग नेजो. लिहून कोन देईन सुट्टीत?"

"मग मुलगी?"

"बसली घरीच."

मला इतका संताप आला की तो कोणावर काढावा ते कळेना. मी वहीत काही लिहिल्यासारखं केलं.

"त्या दिवशी तू आलास तेव्हा आवारात कोण होतं?"

"कोनी दिसलं नाई. मी सिद्धा वर्कशॉपात गेलो."

"लहानूला हाक मारून फाटक उघडायला लावलंस?"

"नाई बाई. मी आलो तवा फाटक उघडंच होतं. लहानूदादा लावालेच येऊन राह्यलता. मले पाह्यलं, म्हने ये, नाव लिवतो."

हे उत्तर तेव्हा माझ्या कानावरून गेलं. मी निघाले ती रामाजींकडे. रामाजी तोंड पाडून रिकाम्या कपाटापुढे उभे होते. मशीनने सुटका केली तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, दुर्बीण त्यांच्या ताब्यातली.

"बाई, तिपाई बी गेली ना."

"काय?"

"तिपाई. लाकडाची. तिच्यावरच तर दुर्बीन बसते. आन् ओळंबा बी नाई."

"हे तुम्ही प्राचार्यांना सांगितलंत?"

"इचारलं कोनी?"

मी डोक्याला हात लावला. दुर्बिणीचं पितळ विकायचं असेल तर चोर पेटी नेईल. माणसाच्या छातीइतकी लांब, लोखंडी टोकांची, बाजारात कोणी फुकट घेणार नाही अशी तिपाई कशाला उचलेल? ती नेणाऱ्याला दुर्बीण विकायची नव्हती. वापरायची होती. आणि जंगूला तिच्यातून पाहतासुद्धा येत नव्हतं.

दुर्बीण वापरता येणारे, किल्ली असणारे आणि पेटीची जागा माहीत असलेले कॉलेजात दोघेच होते. एक रामाजी माझ्यासमोर उभे होते, आणि ते पोळा करायला गोंदियाला बहिणीकडे गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्यांचं नाव घ्यायला माझीच जीभ रेटेना.

५

वासुदेवरावांनी मला चहा पाजला. मऊ बोलणारा, खादीचा सदरा घालणारा, विद्यार्थ्यांच्या फिया गुपचूप भरणारा माणूस. उजव्या पायाच्या अंगठ्याला जाड पट्टी बांधलेली होती.

"पायाला काय झालं, सर?"

"पोळ्याच्या गर्दीत बैलाने पाय दिला. आंजीला, गावी होतो ना. घरचे बैल असले की जावंच लागतं. तान्हा पोळाही तिकडेच केला." कप खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, जंगू गरीब आहे. पोलिसात देऊ नका असं मी महादेवरावांना म्हटलंय. कामावरून काढलं म्हणजे झालं."

"आणि त्यानेच नेली, याबद्दल तुमची खात्री आहे?"

"मशीन म्हणतंय," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

यांच्याविरुद्ध माझ्याकडे काय होतं? काहीच नव्हतं. मशीनच्या हिशेबाने त्या दिवशी ते आवारात आलेच नव्हते, आणि लहानूच्या हातून माणूस निसटत नाही. मी चरफडत फाटकाकडे निघाले. माझ्या हातात मशीनने छापून दिलेली फाटकावरची नावं होती. सगळ्यांत वर जंगू. खाली माळी, खाली स्वतः पिंपळशेंडे, जे सुट्टीच्या दिवशीही थंड खोली थंड आहे ना ते बघायला आले होते. आणखी दोघंतिघं.

चालता चालता मी थांबले. जंगू सगळ्यांत वर? म्हणजे पहिला तोच आला. पण तो आला तेव्हा फाटक उघडं होतं. मग उघडलं कोणासाठी?

"लहानू," मी चौकीच्या दारातूनच विचारलं, "एखाद्या दिवशी नाव न लिहिता कोणाला आत सोडता?"

लहानू उठून ताठ उभा राहिला. "म्याडम, प्राचार्य सायबाले बी नाई सोडत."

मला त्याच्यावरही विश्वास होता आणि जंगूवरही. दोघंही खरं बोलत असतील तर जंगूच्या वर आणखी एक नाव लिहिलेलं होतं. लहानूने ते लिहिलं होतं आणि रुख्मिणीने ते टाइप केलं होतं, कारण ती काहीच सोडत नाही. मग ते गेलं कुठे? माझी नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली, तिथून टेबलावरच्या आजच्या कागदावर आली. कागदाचा माथा कोरा होता. पहिल्या ओळीतच कोण्या ठेकेदाराचं नाव होतं.

"लहानू, तुम्ही कागदाच्या डोक्यावर काही लिहीत नाही?"

"काय लिवाचं? नाव लिवतो. बाकी कायले पाह्यजे?"

प्रत्येक यादीची पहिली ओळ वाचायचीच नाही. पिंपळशेंडेंनी मशीनला असं बजावून ठेवलं होतं. दोन कागदांतून त्या हुकमाने श्री गाळले. तिसऱ्या कागदात श्री नव्हतेच. तिथे हुकमाने एक जिता माणूस गाळला.

"तान्ह्या पोळ्याला पहिलं नाव कोणाचं लिहिलंत?"

"वासुदेवराव सायबाचं," लहानू सहज म्हणाला. "सकायीच आलते. जीप घेऊन."

६

"आणि तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत?"

"कागदावर लिवून देल्लं ना म्याडम. मंग मशीननं जंगूचं नाव काढलं. मले वाटलं, सायबाले तपासून सोडलं असन."

"जीपमध्ये काय होतं?"

आता मात्र लहानू गडबडला. "सायबाची जीप कोन पाह्यते म्याडम? सलाम केला."

जंगूच्या फडक्याची झडती, साहेबांच्या जीपला सलाम.

रविवारी मी आंजीची एसटी धरली. वासुदेवरावांचं वावर विचारत गेले तर एका पोराने वाट दाखवताना आपणहून सांगितलं, दुर्बीण लावली होती तेच ना? वावरात कपाशी कमरेला लागत होती. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चुन्याच्या खुणा पावसाने पुसट झाल्या होत्या, आणि खुणांच्या रांगेत नव्या खुंट्या ठोकलेल्या. पलीकडच्या वावरात एक बाई निंदण करत होती. वासुदेवरावांच्या चुलतभावाची बायको, आनंदाबाई. नात्याने ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर.

"दुर्बीन?" विळा बाजूला ठेवून ती म्हणाली. "अवो, आमचे भासरे घेऊन आलते ना. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. अर्धं गाव जमलं होतं पाहाले."

"कशासाठी?"

"धुऱ्याचं भांडन हाय ना आमचं, सासऱ्यापासून. भासरे म्हनत, तुमी धुरा सरकवला, आमची जमीन खाल्ली. सरकारी मोजनीवर त्याईचा भरवसा नाई. म्हने, मी सोता मोजतो, मंग बोला." तिला आता रंग चढला होता. "मोजलं. दोनदा मोजलं. आन् काय निंगालं? धुरा आमच्याच कडं सरकला हाय! दोन हात जमीन त्याईच्याच खाली हाय, आमची!"

"मग?"

"मंग काय, रागानं तिपाईले लात हानली. दुर्बीन गोट्यावर पडली, काच फुटली. सोताचा अंगठा बी फोडून घेतला. मले तर वाईट वाटलं, जेवून जा म्हटलं, तर जेवले बी नाई."

"पेटी कुठे आहे आता?"

"हे काय, आमच्या बैलाच्या कोठ्यात हाय. न्या तुमी."

सगळ्या आंजीला माहीत होतं. बैलांनाही माहीत असेल. आणि आम्ही वर्ध्यात थंड खोलीत चपला काढून बसलो होतो. पेटी आणि तिपाई घेऊन मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने तिपाईचं अर्धं तिकीट लावलं. मी भांडले नाही. भांडण मी सोमवारसाठी जपून ठेवलं होतं.

७

सोमवारी मी आधी पिंपळशेंडेंना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग उठून मशीनपाशी गेले. रुख्मिणीने दोन कागदांवरचे श्री काढले. पिंपळशेंडेंनी पहिली ओळ गाळण्याचा हुकूम काढला. महादेवराव आले, वासुदेवरावांना मी बोलावून घेतलं होतं. चांदणी दोनदा टाकली.

वासुदेवराव. जंगू.

महादेवराव, देवाशपथ सांगते, पिंपळशेंडेंच्या कानाशी वाकून म्हणाले, "ती पहिली ओळ गाळायची सोय... तशीच राहू दिली तर?"

"सर," पिंपळशेंडे म्हणाले, "मग एक नाव मी माझ्या हाताने गाळलं असं होईल."

"पण आता दोन नावं झाली! दोघांतला कोण, ते मशीन सांगतं का?"

"नाही सांगत," मी म्हणाले. "जो सामाईक आहे तो चोर, असं मशीन कधीच म्हणालं नव्हतं. ते तुम्ही म्हणालात. मशीनने फक्त तीन कागदांत कोण आहे ते सांगितलं, आणि तेही तुम्ही वाचू दिलं तेवढंच." मी टेबलाखालून पेटी काढून समोर ठेवली. झाकण उघडलं. फुटक्या काचेचा खळ्ळकन आवाज झाला. "तिपाई बाहेर आहे. तिच्या एका पायाला रक्त लागलंय. सर, अंगठा कसा आहे?"

वासुदेवराव खुर्चीत बसले.

"रात्रीतून परत ठेवणार होतो," ते म्हणाले. "मोडली नसती तर ठेवली असती. मग म्हटलं दुरुस्त करून आणू. तेवढ्यात मशीनने जंगूचं नाव काढलं." त्यांचा आवाज फार हळू झाला. "मी गप्प बसलो. मला वाटलं, मशीनने मला सोडलंय, तर मी स्वतःला कशाला धरू?"

महादेवराव चटकन उठले. "झालं ते झालं. दुर्बीण मिळाली. आता हे घरातलंच प्रकरण आहे, पोलिसांचं काय काम?"

माझा बांध फुटला. "जंगू होता तेव्हा पोलीस, आणि आता घरातलं? तो काय बाहेरचा होता? सात वर्षं तुमच्या घरातलं पाणी कोणी भरलं? मी सही करणार नाही. जे झालं ते सगळं लिहिणार आणि त्याखाली सही करणार, नाहीतर शोधा दुसरी समिती!"

मी ओरडत होते. बाहेर मुलं जमली असतील. मला पर्वा नव्हती. थांबवलं ते वासुदेवरावांनीच. ते लंगडत उठले, दार उघडून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या जंगूपुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुर्बीण मी नेली. मी मोडली. आणि तुझं नाव येऊ दिलं. तुझा मी अपराधी आहे."

जंगूने हात जोडले. माफ केलं की सवयीने जोडले, ते मला सांगता येत नाही.

महादेवरावांनी त्याला आत घेतलं, घसा साफ केला आणि सांगितलं की कायमची ऑर्डर दसऱ्याच्या आत निघेल, मनात काही ठेवू नकोस, आणखी काही हवं असेल तर सांग. जंगू कपाटावर पाहत होता.

"सायेब, तो नंदी द्या माह्या पोरीचा."

"अरे, पण तान्हा पोळा तर होऊन गेला."

"हो सायेब. पर रोज इचारते, बाबा, आपला नंदी कवा सुटन म्हनून."

महादेवरावांनी खुर्चीवर चढून नंदी खाली काढला. त्याच्यावरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली, तेवढं मी पाहिलं.

लहानू लेखी परवानगीशिवाय तो फाटकाबाहेर जाऊ देणार नव्हता, म्हणून चिठ्ठी मीच लिहिली. माथ्यावर काही लिहिलं नाही. पहिल्या ओळीतच जंगूचं नाव घातलं.